अम्मीच्या गोळ्यांचे रमजानी वेळापत्रक

शाबानच्या शेवटच्या आठवड्यात अम्मीने औषधांचा डबा कपाटात ठेवला. ‘‘आता ईदनंतर,’’ ती म्हणाली. रक्तदाबाची गोळी तेवढी बाहेर होती. हाडांच्या गोळ्या म्हणजे ‘ताकदीच्या’. महिनाभर नाही घेतल्या तर काय बिघडते, असा तिचा हिशेब.

दोन वर्षांपूर्वी वुजू करून उठताना तिचा पाय घसरला आणि मनगट मोडले. एवढ्याशा पडण्याने हाड कसे मोडले, म्हणून डॉक्टरांनी डेक्सा तपासणी करून घेतली. निदान झाले ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. तेव्हापासून आठवड्यातून एकदा अॅलेन्ड्रोनेटची गोळी, रोज कॅल्शियम आणि सोबत ड जीवनसत्त्व सुरू आहे.

‘‘आजारी माणसाला सवलत आहे, सूरह बकरामध्येच ती दिली आहे,’’ मी म्हणाले. ‘‘मी कुठे आजारी आहे?’’ तिने विचारले. हा रोग दिसत नाही, दुखत नाही, मग आजारी कोण म्हणणार! शेवटी तिला बोईसरमध्येच आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी रक्तातील कॅल्शियम आणि मूत्रपिंडाची तपासणी केली. रोजा सोडा असे ते म्हणाले नाहीत, गोळ्याही सोडू दिल्या नाहीत. फक्त वेळा बदलल्या.

त्यांनी समजावले ते असे. हृदय आणि स्नायू चालायला रक्तात ठरावीक कॅल्शियम लागतेच. आहारातून मिळाले नाही, तर शरीर ते हाडांतून काढते. ऑस्टिओपोरोसिसचे औषध ही हाडांची तिजोरी बंद करते. अशा वेळी बाहेरूनही कॅल्शियम आले नाही, तर रक्तातील पातळी घसरू शकते. ओठांभोवती व बोटांना मुंग्या येणे, पायांत गोळे येणे ही त्याची लक्षणे.

आता अम्मीचे वेळापत्रक. आठवड्याची गोळी रविवारी, सहरीच्या अर्धा तास आधी उठून, रिकाम्या पोटी पेलाभर साध्या पाण्यासोबत. चहा, दूध काही नाही; अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. कॅल्शियम मात्र जेवणासोबत, कारण तिची गोळी कार्बोनेटची आहे आणि ती अन्नाबरोबर चांगली शोषली जाते. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच, म्हणून एक सहरीला, एक रात्रीच्या जेवणात. रविवारी सहरीची गोळी वगळायची. लोहाची गोळी घेणाऱ्यांनी दोन तासांचे, थायरॉइडची घेणाऱ्यांनी चार तासांचे अंतर ठेवावे.

पाकिटावर १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेले असले, तरी त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते. मासिक पाळी थांबलेल्या स्त्रीला दिवसाला साधारण १००० ते १२०० मिलिग्रॅम लागते, तेही आहार धरून. म्हणून आधी दस्तरखान मोजावा. पेलाभर दुधात सुमारे २५० ते ३०० मिलिग्रॅम मिळते. जव्हार-मोखाड्याच्या नागलीत १०० ग्रॅममागे साडेतीनशेच्या आसपास. तीळ, दही आणि काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळीही चांगली. खजूर इफ्तारची शान आहे, पण दोन-तीन खजुरांतले कॅल्शियम नगण्यच.

ड जीवनसत्त्वाशिवाय हे कॅल्शियम नीट शोषले जात नाही. आमच्याकडच्या बायका बहुतेक वेळ घरात किंवा बुरख्यात, त्यामुळे ऊन कमीच. मात्र ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असेल तर आठवड्यालाच घ्यावी. चुकून रोज घेतली, तर कॅल्शियम वाढून खूप तहान, मळमळ, बद्धकोष्ठता होते. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगावे आणि इफ्तार ते सहरी पाणी भरपूर प्यावे.

ज्यांना सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅब इंजेक्शन आहे, त्यांनी तारीख रमजानमध्ये आली म्हणून परस्पर ईदनंतर ढकलू नये. उशीर झाल्यास मणक्याची हाडे मोडण्याचा धोका वाढतो. त्याआधी रक्तातील कॅल्शियम तपासावे.

पहिल्या रविवारी अम्मी माझ्याआधी उठली. गोळी घेऊन तसबीह हातात धरून खुर्चीवर ताठ बसली. मी स्वयंपाकघरात नागलीची भाकरी थापत होते. बरोबर अर्ध्या तासाने तिची हाक आली, ‘‘आण गं आता!’’