नंबर नोको, लोखंड दाखव

शेंदूरजनाघाटात संत्र्याची कलमं घ्यायला आलेला जाणता माणूस पानं पाहत नाही. तो खाली बसतो आणि मातीपासून वीतभर वर, जिथं जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरलेला असतो, तो जोड अंगठ्यानं चाचपतो. पानं सगळ्याच कलमांची हिरवीगार असतात. खुंटात फसगत झाली असेल तर ती कळते चार-पाच वर्षांनी, बगीचा फळावर आल्यावर. वरुड तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव रोपवाटिकांचं, म्हणून बुडाकडं आधी पाहायची सवय इथं लहानपणापासूनच लागते. जुन्या गाड्यांच्या चेसिस नंबरचा नाद मला लागला तो याच सवयीतून.

निमित्त झालं एका जिपेचं. ओळखीतल्या एका काकांच्या बगीच्यात टिनाच्या शेडखाली ती उभी होती. काका सांगत, "मिलिटरीची हाय, त्रेचाळीसची, एकदम ओरिजनल." आरसी बुकावरही १९४३ लिहिलेलं. काकांनी ज्या मिस्त्रींना बोलावलं होतं, त्यांची उमर जिपांखाली गेलेली. काका बुकातला नंबर वाचून दाखवू लागले तसे ते म्हणाले, "नंबर नोको सांगू भाऊ, लोखंड दाखव." पोतं अंथरलं आणि समोरच्या बंपरखाली आडवे झाले.

पुढचा अर्धा तास मी त्यांच्या शेजारी पडून जे पाहिलं, ते मला कुठल्या पुस्तकानं इतकं नीट शिकवलं नसतं.

दुसऱ्या महायुद्धातली जीप दोन कंपन्यांनी बनवली. विलिसनं साडेतीन लाखांवर, त्यांचं मॉडेल एमबी. फोर्डनं पावणेतीन लाखांच्या वर, त्यांचं जीपीडब्ल्यू. आराखडा एकच ठेवला होता, कारण एका गाडीचा सुटा भाग रणांगणावर दुसरीला बसला पाहिजे. तरी ओळख उरलीच. रेडिएटरच्या खाली चेसिसच्या दोन लांब दांड्यांना जोडणारा आडवा तुकडा विलिसमध्ये गोल नळीचा असतो, फोर्डमध्ये उलट्या पन्हाळीसारखा चौकोनी. फोर्डनं तर आपल्या भागांवर, कितीतरी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, आपलं 'एफ' अक्षर उमटवलं. नंबराची जागाही वेगळी. फोर्डचा नंबर डाव्या दांड्याच्या वरच्या अंगाला, इंजिनाजवळ थेट लोखंडात ठोकलेला, मागंपुढं चांदणीची खूण. इंजिनावरही तोच नंबर. विलिसचा नंबर मात्र एका छोट्या पट्टीवर, आणि ती पट्टी डाव्या दांड्याच्या पुढच्या टोकाला आतून रिवेटनं बसवलेली. विलिसमध्ये इंजिनाचा नंबर चेसिसशी जुळत नाही आणि जुळायचं कारणही नाही. 'दोन्ही नंबर जुळतात म्हणजे अस्सल' हा नियम सांगणाऱ्यानं विलिसच्या बाबतीत तो बाजूला ठेवावा.

रिवेटची पट्टी हा सगळ्यात कच्चा दुवा. पट्टी निघते, हरवते, दुसऱ्या गाडीवर बसते. काकांच्या जिपेत रॉकेलच्या फडक्यानं ग्रीस पुसल्यावर पट्टीच्या जागी रिवेटची भोकं तेवढी दिसली. समोरची आडवी नळी गोल होती, म्हणजे खुंट विलिसचा. मग मिस्त्री उठले आणि जाळीच्या फटी मोजल्या. सात. युद्धातल्या जिपेच्या पत्र्यात दाबून काढलेल्या जाळीला नऊ असतात. सात फटी आल्या त्या युद्धानंतरच्या नागरी सीजे जिपेपासून. युद्धातल्या गाडीला मागं उघडणारं फळकं नसतं, इथं होतं. पेट्रोलचं तोंड तिथं ड्रायव्हरच्या सीटखाली असतं, इथं डाव्या अंगाला बाहेर होतं.

"खुंट मिलिटरीचा, वरतं कलम दुसरंच," मी म्हणालो. काकांचा चेहरा पडला. मिस्त्री मात्र पुन्हा खाली शिरून फडक्यानं दांडा पुसत राहिले, आणि पट्टीच्या जागेपासून थोडं मागं सहा आकडे वर आले. वेडेवाकडे, एक खोल, एक उथळ, हातानं पंच ठोकलेले. आरसीतला नंबर तोच वाटला.

हातानं ठोकलेला नंबर म्हणजे लबाडी, असं मी तोवर समजत होतो. तसं नसतं. नंबर गंजून गेला किंवा पट्टी गेली तर परिवहन कार्यालयाच्या परवानगीनं तो पुन्हा ठोकता येतो. त्याची नोंद कागदावर हवी. आमच्याकडं कागदाचा हा माग काढणं अवघड आहे, आणि त्याला आमचा इतिहास कारण आहे. वऱ्हाड १९५० पर्यंत मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, मग मध्य प्रदेशात, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. गाडी अमरावती जिल्ह्याबाहेर कधी गेली नसेल तरी तिच्या कागदांवर चार राज्यांची नावं येऊ शकतात. १९८९ नंतर नंबरपाटीवर एमएच-२७ आलं. प्रत्येक बदलात कारकुनानं आधीच्या वहीवरून नवी नोंद उतरवली, आणि उतरवताना एक आकडा इकडचा तिकडं झाला की पुढं तीच चूक खरी होऊन बसली.

त्या १९४३ चंही तसंच. गाडी त्या साली घडली असेल, पण तेव्हा ती फौजेची होती. शेतकऱ्याच्या हाती अशा जिपा आल्या त्या युद्ध संपल्यावर फौजेनं काढून टाकलेल्या मालातून. कुणी खासगी नावावर १९४३ ची पहिली नोंदणी दाखवली तर तिथं थांबून दोनदा विचारावं. घडल्याचं साल आणि नोंदणीचं साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा फरक आता पैशात मोजला जातो. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनं 'व्हिंटेज' वाहनाला वेगळी नोंदणी दिली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली हवीत, गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अर्जाच्या नमुना २० वर चेसिस नंबरचा पेन्सिलनं काढलेला ठसा लागतो. शाळेत नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसाच. आजच्या गाड्यांचा सतरा अक्षरी नंबर, ज्यात घोटाळा नको म्हणून आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरंच वापरत नाहीत, तो अमेरिकेत १९८१ च्या गाड्यांपासून सक्तीचा झाला. त्याआधीच्या गाड्यांत प्रत्येक कंपनीची रीत निराळी, आणि मोठ्या घराण्यांच्या गाड्यांची दप्तरंही मोठी. रोल्स-रॉइसची चेसिस कार्डं इंग्लंडात जपून ठेवलेली आहेत. पहिलं गिऱ्हाईक कोण, बॉडी कुणी बांधली, सगळं त्यात सापडतं. बगीच्यातल्या जिपेमागं असं दप्तर नाही. तिची साक्ष लोखंडानंच द्यायची.

लोखंड देतंही. नंबर ठोकताना पंचाखालचा धातू दबतो, त्याचे कण आतवर विस्कटतात. वरून आकडा घासून काढला तरी तो दाब खाली उरतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जागा आरशासारखी पॉलिश करून तिच्यावर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण फिरवतात. दबलेला धातू वेगळा खाल्ला जातो, आणि पुसलेला आकडा हळूहळू वर येतो. चोरीच्या गाड्या अशाच पकडल्या जातात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते: घाव पुसता येतो, दाब सहजी पुसता येत नाही.

आणि सगळंच बदललेलं असेल तर? १९९० साली लंडनच्या कोर्टासमोर हाच प्रश्न आला. 'ओल्ड नंबर वन' ही बेंटले १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ला मान्सची शर्यत जिंकलेली. ती एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं, आणि घेणाऱ्यानं ही ती गाडी नव्हेच म्हणून नकार दिला. मधल्या काळात तिचं इंजिन, बॉडी, चेसिस बदलत गेली होती. न्यायमूर्ती ऑटन यांनी गाडी अस्सल ठरवली. मूळचे भाग फारसे उरले नव्हते, पण एका अवतारातून दुसऱ्यात जाताना तिची ओळख कुठंच तुटली नव्हती.

हा निवाडा मला पटतो, आणि काकांच्या जिपेला मी त्याच मापानं मोजतो. आपल्या कायद्याच्या कसोटीवर मात्र ती बहुधा व्हिंटेज ठरणार नाही. बॉडी दुसरी आहे. ठरली तरी व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या कामाला आणि धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरायला जाणं, एवढंच. अंबिया बहाराच्या संत्र्यांचे क्रेट वाहणं त्यात बसत नाही. पण विकायची वेळ आली तर तिला 'एकदम ओरिजनल' म्हणू नये, हे मी काकांना स्पष्ट सांगितलं. युद्धातल्या विलिसचं चेसिस, नंतरची बॉडी, हातानं ठोकलेला नंबर: हे एवढं लिहून द्यावं.

काका थोडा वेळ गप्प होते. मग घरातून नातवाच्या वहीचं पान आणि पेन्सिल आणली. मिस्त्रींनी दांडा कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसला, कागद ताणून धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. सहा आकडे एकेक करून पांढरे उमटले. चौथा आकडा तीन आहे की आठ, यावर तिघांचं एकमत झालं नाही. काकांनी दुसरं पान फाडलं.