कॉन्स्टॅन्शियाचा द्राक्षमळा व त्याचा त्रिवार जीर्णोद्धार

पडका वाडा नव्या धन्याकडे गेला म्हणजे पहिला प्रश्न छपराचा निघतो, दुसरा भिंतींचा; दप्तराचा प्रश्न बहुधा निघतच नाहीं. माळ्यावरचे रुमाल रद्दींत गेल्यावर मग हा वाडा मूळचा कसा होता याची चौकशी सुरू होते. ज्यांनीं स्वतः गांवोगांव हिंडून कागद गोळा केले आहेत त्या आमच्या वाचकांस हा अनुभव नवा नाहीं. द्राक्षमळ्याच्या बाबतींत तर ही अडचण दुहेरी असते. वाड्याचे दगड निदान जागेवर असतात. पण वेल मेला, त्याची जात विसरली गेली आणि मद्य करण्याची रीत जाणणारीं माणसें गेलीं, म्हणजे धन्याच्या हातीं जमीन व नांव एवढेंच उरतें. बाकीचें सर्व कागदांवरून उभें करावें लागतें. हें कसें करतात, आणि त्यांत काय सांपडतें व काय निसटतें, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून दाखवावें असा आमचा हेतु आहे. मद्याच्या गुणदोषांशीं येथें आम्हांस कर्तव्य नाहीं.

उदाहरण आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाचें, केप टाऊन शहराजवळील कॉन्स्टॅन्शिया या मळ्याचें आहे. तें इतक्या लांबचें घेण्याचें कारण असें कीं, त्याच्या मूळ सनदेवरच आपल्या किनाऱ्याशीं निकट संबंध असलेल्या पुरुषाची सही आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचा कमिसार हेंड्रिक आड्रियान फान रेडे यानें १३ जुलै १६८५ रोजीं केपचा कमांडर सिमॉन फान डर स्टेल यास ८९१ मॉर्गन, म्हणजे सुमारें १,८८५ एकर, जमीन दिली. हा फान रेडे म्हणजे मलबारांतील वनस्पतींवरील 'होर्टुस मलबारिकुस' या बारा खंडांच्या ग्रंथाचा कर्ता. १६७८ सालीं निघालेल्या त्याच्या पहिल्या खंडांत रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांचें नागरी लिपींतील प्रशस्तिपत्र छापलेलें आहे, हें नागरी मुद्रणाच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे. केपहून हा कमिसार हिंदुस्थानांत आला, १६९१ च्या डिसेंबरांत सुरतेच्या वाटेवर वारला, आणि त्याची कबर सुरतेच्या डच कबरस्थानांत आहे.

सनद घेणाऱ्याचाही आपल्याकडे धागा निघतो. फान डर स्टेलचा जन्म १६३९ सालीं मॉरिशस बेटांत झाला. त्याची आई मारिया लीव्हन्स ही एका डच कप्तानाची मुलगी; तिची आई मोनिका ही गुलामगिरींतून सुटलेली हिंदी स्त्री होती, व वंशावळींत ती 'गोव्याच्या किनाऱ्याची' म्हणून लिहिली जाते. येथें एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. कंपनीच्या कागदांत नुसता 'किनारा' हा शब्द आला तर त्याचा अर्थ सामान्यतः चोळमंडलाचा किनारा असा असतो. तेव्हां केवळ या एका उल्लेखावर मोनिकेस गोंवेकर ठरवून मोकळे होणें आमच्या मतें घाईचें होईल.

फान डर स्टेल १७१२ सालीं वारला आणि मळ्याचे तीन भाग झाले: थोरली कॉन्स्टॅन्शिया, धाकटी कॉन्स्टॅन्शिया व बर्गव्लीट. 'थोरली' व 'धाकटी' हा भेद आपल्याकडील बुद्रुक व खुर्द यांसारखाच आहे आणि त्यानें संशोधकाची फसवणूकही तशीच होते. कारण त्या वेळच्या धाकटीचें नांव पुढें 'होप ऑप कॉन्स्टॅन्शिया' असें पडलें. आणि १८२३ सालीं थोरलीमधूनच आणखी एक तुकडा निघाला, त्यास धाकटी कॉन्स्टॅन्शिया म्हणूं लागले. सबब अठराव्या शतकांतील एखाद्या यादींत धाकटीच्या मद्याची वाखाणणी आढळली, तर ती आजच्या धाकटीची नव्हे. ज्या कोलाइन घराण्यानें त्या शतकाच्या पूर्वार्धांत मद्याचें नांव राखलें, तें घराणें पहिल्या धाकटीचें होतें. मोठमोठ्या लेखकांच्याही हातून येथें गफलत झालेली आम्हीं पाहिली आहे.

थोरला मळा १७१६ त ओलोफ बर्ग यानें घेतला. तो १७२४ सालीं वारल्यावर त्याची विधवा आना डी कोनिंग ही दहा वर्षें मालकीण होती. ही आना बंगालहून गुलाम म्हणून नेलेल्या व १६६६ त मुक्त झालेल्या अँजेला नांवाच्या स्त्रीची मुलगी. गुलाम स्त्रीची मुलगी त्या वसाहतींतील पहिल्या प्रतीच्या मळ्याची धनीण झाली, हें नवल खरें. पण ती स्वतः गुलाम बाळगून होती, हेंही त्याच कागदांवरून दिसतें. तिच्यामागें मळा अनेक हातांतून फिरला व त्याची हेळसांड झाली.

पहिला जीर्णोद्धार १७७८ सालीं मळा विकत घेणाऱ्या हेंड्रिक क्लूटेचा. त्यानें वेल नव्यानें लाविले, घराचें रूप पालटलें, आणि १७९१ त मद्याची नवी कोठी बांधली. तिच्या दर्शनी त्रिकोणावर आंटोन आनराइट या मूर्तिकाराचें काम आहे, तें अद्याप पाहावयास मिळतें. परंतु आमच्या दृष्टीनें क्लूटेचें खरें देणें त्याच्या पत्रांत आहे. हॉलंडांत राहणाऱ्या धाकट्या स्वेलनग्रेबेल यास त्यानें वर्षानुवर्षें पत्रें लिहिलीं, त्यांत शेतीची कामें येतात आणि मद्य कंपनीसच ठराविक भावानें द्यावें लागे त्याबद्दलच्या तक्रारीही येतात. हीं पत्रें स्वेलनग्रेबेलच्या दप्तरांत टिकलीं व २००३ सालीं केपच्या फान रीबेक सोसायटीनें छापून काढलीं. ज्यानें मळा सुधारला त्याच्या घरीं नव्हे, तर ज्यास पत्रें पोहोंचलीं त्याच्या घरीं साधन उरलें, ही गोष्ट आपल्याकडील पेशवाईच्या कागदांस किती लागू पडते हें सांगणें नकोच.

या काळांत कॉन्स्टॅन्शियाचें गोड मद्य युरोपच्या राजवाड्यांतून जात असे. सेंट हेलेना बेटावर कैदेंत असलेल्या नेपोलियनलाही तें पुरविलें जाई. मग उतरती कळा लागली. इंग्रजी जकातींतील केपच्या मद्याची सवलत १८२५ पासून कमी होत जाऊन १८६१ च्या सुमारास संपली. १८५९ त वेलींवर भुरी पडली. आणि १८८६ त फिलॉक्सेरा हा मुळांचा रस शोषणारा कीटक केपमध्यें आढळला. त्याच्या आदल्याच वर्षीं क्लूटे घराण्याकडून थोरला मळा केप सरकारनें खरेदी केला होता. फिलॉक्सेरावर उपाय एकच ठरला: अमेरिकन वेलाचा खुंट घ्यावा व त्यावर युरोपीय वेलाचें कलम करावें. आपले नाशिककडील बागाईतदार खुंटावर कलम करतात तें क्षार व पाण्याची टंचाई यांसाठीं. तेथें तें जीव वांचविण्यासाठीं करावें लागलें. यामुळें जमिनीखालचा जुना वेल कायमचा गेला. पुढें कोणीही कितीही निष्ठेनें लागवड केली तरी मुळें परकींच राहणार.

दुसरा प्रसंग आगीचा. १९ डिसेंबर १९२५ रोजीं थोरल्या मळ्यावरील घर जळालें. दुरुस्तीचें काम एफ. के. केंडल या स्थपतीकडे आलें. दिल्लीचीं सचिवालयें बांधणाऱ्या हर्बर्ट बेकरचा हा पूर्वीचा भागीदार. आतां घर उभारावयाचें तें कोणाचें, फान डर स्टेलचें कीं क्लूटेचें? क्लूटेच्या फेरफारांपूर्वींचें एक चित्र योहान वोल्फगांग हाइट यानें १७४१ च्या सुमारास काढलेलें उपलब्ध होतें. पण चित्रकाराची नजर व गवंड्याचें माप एक नसतें. घर अखेर क्लूटेच्या रूपांत उभें राहिलें व १९२७ पासून तेथें संग्रहालय झालें. हा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. ज्या रूपाचा पुरावा भिंतींत शिल्लक होता तेंच राखलें, अनुमानाचें घर बांधलें नाहीं. मात्र पाहुण्यास तें फान डर स्टेलचें घर म्हणून दाखविणें हें बरोबर नव्हे.

तिसरा जीर्णोद्धार अलीकडचा, व तो १८२३ च्या धाकटीचा. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत हा मळा दुर्लक्षानें ओसाड होत चालला होता. १९८० सालीं डगी योस्ते यानें तो घेतला, दोन वर्षांनीं लागवड सुरू केली, आणि १९८६ च्या पिकापासून जुन्या गोड मद्याच्या धर्तीवर नवें मद्य काढलें. येथें कागदांचा उपयोग कसा झाला तो पाहण्यासारखा आहे. जुन्या उल्लेखांवरून फ्राँटिन्यान्यची मस्कत ही द्राक्षाची जात निवडली गेली. द्राक्षें वेलावरच सुकूं द्यावयाचीं, बुरशी येऊं द्यावयाची नाहीं, वरून दारूचा अर्क घालावयाचा नाहीं, असा क्रम ठरला. बाटलीचा घाटही जुन्या फुगीर बाटलीवरून घेतला. पण जुनें कॉन्स्टॅन्शिया तांबडें व पांढरें असें दोन्ही प्रकारचें होतें आणि त्यास एकाहून अधिक जातींचीं द्राक्षें लागत. नवें एकाच जातीचें आहे. हें पाठभेदांतून एक पाठ निवडून मुळांत घेण्यासारखें झालें. संपादकास तसा अधिकार आहेच. दुसरे पाठ तळटीपेंत द्यावे एवढीच त्याजकडून अपेक्षा. या धन्यानें मद्यास 'व्हँ दी कॉन्स्टान्स' असें नांव दिलें. २०११ सालीं मळा पुन्हां विकला गेला. मद्य निघणें थांबलें नाहीं.

आतां जें कोणत्याही बाटलींत परत येत नाहीं त्याविषयीं. क्लूटेच्या वेळचें मद्य गुलामांच्या हातचें होतें. वेलावर द्राक्ष सुकूं देऊन पिकलेलें तेवढेंच पुनःपुन्हां वेंचावयाचें, तर माणसें पुष्कळ लागत, व तीं विकत घेतलेलीं होतीं. १६५२ ते १८०८ पर्यंत केपमध्यें समुद्रमार्गें सुमारें ६३,००० गुलाम आणले गेले असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा हिंदुस्थानचा धरतात. १८३४ सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली, १८३८ त सक्तीची उमेदवारीही संपली. मळ्याची चाकरी मग पूर्वीच्या भावांत मिळणें शक्य नव्हतें. उतरत्या काळाच्या कारणांत जकातीच्या जोडीला हेंही धरलें पाहिजे.

या लोकांचीं नांवें कागदांत आहेत. केपच्या अनाथ मंडळानें मृतांच्या मिळकतीच्या ज्या याद्या केल्या, त्यांत बैल, पिंपें, भांडीं यांच्याच रकान्यांत माणसेंही उतरविलीं आहेत: अमका बंगालचा, अमकी मलबारची, अमका किनाऱ्याचा. मूळ नांव बहुधा नाहींसें झालेलें असतें. धन्यानें ठेवलेलें एखादें महिन्याचें अथवा पुराणपुरुषाचें नांव व पुढें देश, एवढ्यावरच ओळख. या याद्यांच्या नकला आतां छापील अक्षरांत झाल्या असून त्या घरबसल्या वाचतां येतात, आणि डच कंपनीच्या दप्तरांस २००३ सालीं युनेस्कोनें जगाच्या स्मृतिसंचयांत स्थान दिलें आहे. थोरल्या मळ्याच्या संग्रहालयांतही गुलामांची हकीगत आतां सांगितली जाते.

आमच्या इकडून या याद्या कोणी बारकाईनें चाळल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांचीं नांवें त्यांत कोणत्या रूपांत येतात, डच लेखकाच्या कानानें आपल्या नांवांची काय गत केली आहे, हें ओळखण्यास मराठी व कोंकणी जाणणारा वाचकच हवा. वेंगुर्ल्यास डचांची वखार होती; तेथील कागदांशीं या याद्या ताडून पाहण्याचें काम कोणी वाचक अंगावर घेईल, तर त्याच्या टांचणास या त्रैमासिकांत जागा देऊं.