दुसऱ्या संगणकावर अडणारे बिल्ड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या संस्थांच्या क्षेत्रात पिकांच्या वाढीचे गणित मांडणाऱ्या संगणकीय प्रतिमानांना मोठे महत्त्व आहे. त्यांपैकी जगभर वापरले जाणारे ‘डीएसएसॅट’ फोर्ट्रान भाषेत असून त्याचा मूळ कोड खुला असल्यामुळे कोणालाही त्याचे ‘बिल्ड’ करता येते, म्हणजे त्या कोडपासून चालवण्याजोगा प्रोग्राम तयार करता येतो. एका संगणकावर झालेले बिल्ड दुसऱ्यावर अडले, की दोष दुसऱ्यालाच दिला जातो. परंतु पहिल्यावर पूर्वी कधीतरी बसवलेली लायब्ररी किंवा बदललेले सेटिंग कोठेही नोंदलेले नसते, आणि नव्या संगणकावर ती उणीव केवळ उघडी पडते.

चालते बिल्ड फोल्डर पेन ड्राइव्हवरून जसेच्या तसे नेले की काम भागते, हा समजही चुकीचा आहे. बिल्डची आखणी करणारे ‘सीमेक’ हे साधन कंपायलर व लायब्ररी यांचे पूर्ण पत्ते आपल्या कॅश फाइलमध्ये टिपून ठेवते आणि फोल्डरची जागा बदलली की काम नाकारते. अशा वेळी विंडोज पुन्हा टाकण्याचे कारण नसते, ते फोल्डर पुसून नव्याने आखणी केली की पुरते.

कंपायलर जितका नवा तितका निर्धोक, असेही मानले जाते. प्रत्यक्षात २०२० मध्ये आलेल्या ‘जीसीसी १०’ या कंपायलरने फोर्ट्रानमधील आर्ग्युमेंटच्या प्रकारांची विसंगती, म्हणजे एकाच उपप्रोग्रामला एके ठिकाणी पूर्णांक व दुसरीकडे दशांश संख्या देण्यासारखी ढिलाई, थेट चूक ठरवली, त्यामुळे वर्षानुवर्षे चालत आलेला कोड एकाएकी अडू लागला. ती सूट परत देणारा पर्याय कंपायलरमध्ये आहे; मात्र तो तात्पुरता टेकू होय.

मराठी वापरकर्त्यांचा एक पेच तर इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा सापडणारही नाही. ‘शेतकऱ्यांची यादी’ या फाइलनावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. जुन्या मॅकची फाइलव्यवस्था दुसरे रूप साठवीत असे, तर लिनक्सला ही दोन वेगळी नावे वाटतात, म्हणून डोळ्यांना दिसणारी फाइल प्रोग्रामला सापडत नाही.

बिल्ड पूर्ण झाले म्हणजे उत्तरही तेच येणार, हेही गृहीत धरता येत नाही, कारण वेग वाढवणाऱ्या पर्यायांमुळे दशांश गणिताचा क्रम बदलून उत्पादनाच्या आकड्यांत सूक्ष्म फरक पडू शकतो. यास्तव ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा एखादा हंगाम प्रथम चालवून आकडे ताडून पाहावे लागतात.