आई गेल्यावर परतलेला बाप: समजुती आणि वस्तुस्थिती

तेराव्याचं जेवण आटोपून पाहुणे पांगले की घरात उरलेल्या मोठ्या माणसांत हळू आवाजात एक बोलणं सुरू होतं. पोराचं आता काय? आजीचं वय झालेलं, मामाचं घर लहान, मावशी लांबच्या गावी. मग कुणीतरी विचारतं, “त्याच्या बापाला कळवलं का?” ज्याचं नाव या घरात कित्येक वर्षं कुणी काढलं नव्हतं, तो माणूस मग एका दुपारी दारात उभा राहतो. मूल चौदा-पंधरा वर्षांचं असतं, आणि आईच्या फोटोवरचा हारही अजून वाळलेला नसतो.

कधी हे उलटही घडतं. वडील जातात आणि माहेरी निघून गेलेली, दुसरा संसार थाटलेली आई परत येते. दोन्हीकडे नातेवाईक ज्या गोष्टी ठामपणे सांगतात त्या बहुतेक मायेपोटीच सांगितलेल्या असतात. पण त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत, आणि त्यांचा भार उचलावा लागतो तो त्या मुलाला.

“रक्ताचं नातं आहे, ओढ लागेलच”

मुलाचं मन कुणावर का जडतं, याचा पायाभूत अभ्यास ब्रिटिश मनोचिकित्सक जॉन बोल्बी यांनी केला. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या संशोधनाचा गाभा असा, की जवळीक रोजच्या सोबतीतून तयार होते. ताप आला तेव्हा कोण उशाशी बसलं, शाळेतून आल्यावर दार कुणी उघडलं, यावर ती ठरते. जन्मदाखल्यावरच्या नावामुळे कुतूहल वाटू शकतं, आणि वयात येताना तर ते फारच तीव्र होतं. आपलं नाक कुणाचं, आपला तापट स्वभाव कुणाचा, हे मुलाला जाणून घ्यायचं असतं. पण कुतूहल वेगळं आणि विश्वास वेगळा.

बीटल्स या संगीतसमूहाच्या जॉन लेननचं बालपण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखं आहे. जन्म 9 ऑक्टोबर 1940 चा, लिव्हरपूलमधला. वडील आल्फ्रेड मालवाहू जहाजांवर कामाला, घरात क्वचितच. आई ज्युलिया दुसऱ्या माणसासोबत राहू लागली आणि 1946 पासून जॉनला वाढवलं ते तिच्या थोरल्या बहिणीने, मिमी मावशीने. मावशी शिस्तीची, तिचे यजमान जॉर्ज मात्र लाघवी. जून 1955 मध्ये जॉर्ज अचानक गेले. जॉन चौदा वर्षांचा होता.

याच सुमारास त्याचं आईकडे जाणं-येणं वाढलं. ती काही परमुलखात नव्हती. मावशीच्या घरापासून दोन मैलांच्या आतच तिचं घर होतं, तिथे तिला आणखी दोन लहान मुली होत्या. ज्युलिया बँजो वाजवायची. तिने मुलाला बँजोच्या सुरावटी शिकवल्या आणि त्याने त्या तशाच गिटारवर उतरवल्या. गिटारला सहा तारा असतात, तरी हा पोरगा सुरुवातीला ती बँजोसारखी लावून वाजवायचा. जुलै 1957 मध्ये वुल्टनच्या चर्चच्या जत्रेत, पुढे बीटल्समध्ये त्याचा साथीदार झालेल्या पॉल मॅकार्टनीने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ही वेगळी बोटं त्याच्या लगेच लक्षात आली. पॉलची स्वतःची आई आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात वारली होती.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटता कामा नये. आईशी इतकं सूत जुळूनही जॉनचं घर मावशीचंच राहिलं. तो आईकडे मुक्कामाला जायचा आणि परत यायचा. ज्युलिया मिमीची जागा घ्यायला आली नाही. जॉर्जची जागा तर ती घेऊ शकतच नव्हती. एका पंधरा वर्षांच्या मुलाला एक आई हळूहळू, गाण्याबजावण्यातून ओळखीची होत गेली, इतकंच घडलं. आणि तेवढं पुष्कळ होतं.

पुढे 15 जुलै 1958 च्या रात्री ज्युलिया मिमीला भेटून बसथांब्याकडे निघाली असताना मोटारीच्या धडकेने गेली. जॉन तेव्हा तिच्याच घरी तिची वाट पाहत होता. तो सतरा वर्षांचा होता.

“हसतोय, खेळतोय, म्हणजे सावरला”

जॉर्ज गेल्याचं कळलं तेव्हा जॉन मावसबहिणीबरोबर वरच्या खोलीत गेला आणि दोघं अनावर हसत सुटली. नंतर त्याचं त्याला फार अपराधी वाटलं, असं त्याने पुढे चरित्रकाराला सांगितलं. आपल्याकडे असं मूल दिसलं तर “दगड आहे नुसता” असं म्हणून मोकळं होणारे कमी नाहीत.

शोकाला पाच ठरीव पायऱ्या असतात, ही समजूत आता मराठी घरांतही पोचली आहे. तिचा उगम एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांच्या 1969 च्या पुस्तकात आहे. पण ते पुस्तक स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांच्या मुलाखतींवर बेतलेलं होतं, मागे राहिलेल्यांच्या दुःखावर नव्हे. नेदरलँड्समधले मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये मांडलेलं चित्र अनुभवाला जास्त जुळतं. दुःखात असलेला माणूस हेलकावे खातो. काही वेळ गेलेल्याच्या आठवणीत बुडतो, काही वेळ समोरच्या आयुष्याला लागतो, पुन्हा बुडतो. किशोरवयात हे हेलकावे अधिक झटपट येतात. सकाळी क्रिकेट, दुपारी आईची ओढणी उशीखाली घेऊन पडून राहणं, संध्याकाळी मित्रांबरोबर दंगा.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हार्वर्डच्या अभ्यासकांनी आई किंवा वडील गमावलेल्या 70 कुटुंबांतल्या 6 ते 17 वयाच्या 125 मुलांचा दोन वर्षं मागोवा घेतला होता. त्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक आजीला आणि मामाला माहीत असायला हव्यात. पहिली, निम्म्याहून अधिक मुलं गेलेल्या आईवडिलांशी मनात बोलत राहिली. त्यात काही विकृत नव्हतं, ते नातं जपण्याचीच ती एक रीत होती. दुसरी, काही मुलांचा त्रास पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जास्त ठळक दिसला. म्हणजे “वर्षश्राद्ध झालं, आता पुरे” हा हिशेब मुलांना लागू पडत नाही. परत आलेल्या बापाने तर हे पक्कं लक्षात ठेवावं. पहिले सहा महिने शांत असलेलं पोर दीड वर्षाने अचानक भडकलं, तर त्याचा अर्थ बापाचे प्रयत्न फुकट गेले असा होत नाही.

“आई नाही म्हटल्यावर कायद्याने मूल बापाचंच”

हा गैरसमज सर्वांत पसरलेला आणि सर्वांत महागात पडणारा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 प्रमाणे बाप नैसर्गिक पालक असतो, हे खरं. पण त्याच कायद्याचं कलम 13 सांगतं, की पालक नेमताना मुलाचं कल्याण हीच सर्वोच्च बाब. 1890 चा पालक व पाल्य अधिनियम सर्व धर्मीयांना लागू आहे. त्याच्या कलम 17 मध्ये असंही म्हटलं आहे, की मूल विचारपूर्वक मत देण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ते मत विचारात घेऊ शकतं. त्यासाठी वयाची रेघ आखलेली नाही. “चौदा पूर्ण झाली की मूल स्वतः ठरवतं” हे कट्ट्यावरचं कायदेज्ञानही तितकंच चुकीचं. मुलाचं मत वजनदार असतं, पण निकाल न्यायाधीश देतात.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. 2008 च्या प्रकरणात आईच्या मृत्यूनंतर मूल आजी-आजोबांकडे होतं आणि बापावर आईच्या मृत्यूप्रकरणी खटला होता. खालच्या न्यायालयांनी ताबा बापाला दिला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मुलाला आपल्या दालनात बोलावून विचारलं, त्याने बापाकडे जायला साफ नकार दिला, आणि ताबा आजी-आजोबांकडेच राहिला. 2019 चं प्रकरण महाराष्ट्रातलं. आई कर्करोगाने गेली, बापही आजारी होता म्हणून तान्ही मुलगी मावशीकडे वाढत होती. इथे न्यायालयाने ताबा बापाला दिला, मात्र मावशीकडच्यांना भेटीची मुभा ठेवली. दोन्ही निकालांत मोजपट्टी एकच, मुलाचं हित. पंधरा वर्षांच्या मुलाला “तुला कुठे राहायचंय?” हा प्रश्न विचारलाच जात नाही अशी कितीतरी घरं आहेत. न्यायाधीशाला जो प्रश्न महत्त्वाचा वाटतो, तो आधी घरात विचारायला काय हरकत आहे?

पैशाचा विषय यात येतोच, आणि तो मुलाच्या कानावर पडतोच. “फ्लॅटसाठी आलाय” हे वाक्य स्वयंपाकघरात बोललं तरी बाहेरच्या खोलीत ऐकू जातं. वस्तुस्थिती अशी, की हिंदू स्त्रीने मृत्युपत्र केलं नसेल तर तिची मुलं आणि नवरा सारख्या वाट्याचे वारस होतात. रीतसर घटस्फोट झालेला नवरा वारस नसतो. नुसता वेगळा राहणारा, मग तो वीस वर्षं का वेगळा असेना, वारस ठरतो. मात्र मुलाच्या वाट्याची स्थावर मालमत्ता नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. हे सगळ्यांसमोर एकदा स्पष्ट झालं की निम्मी कुजबूज थांबते, आणि बापाचा हेतू स्वच्छ असेल तर त्याच्याच डोक्यावरचं ओझं उतरतं.

“बापाने पहिल्या दिवसापासून धाक ठेवावा”

डिसेंबर 1971 मध्ये बराक ओबामांचे वडील केनियाहून होनोलुलूला महिनाभरासाठी आले. मुलगा दहा वर्षांचा, त्याला वडिलांची आठवणही नव्हती. ओबामांनी 1995 च्या आत्मचरित्रात त्या महिन्यातली एक संध्याकाळ सांगितली आहे. मुलगा नाताळचा एक कार्टूनपट पाहायला बसला होता, त्याची तो वाट पाहत होता. वडिलांनी टीव्ही बंद करून अभ्यासाला जायला फर्मावलं. आई मध्ये पडली, आजी मध्ये पडली, आणि घरात जुनी उणीदुणी निघून मोठं भांडण झालं. तेच वडील काही दिवसांनी त्याच्या वर्गात केनियाविषयी बोलायला गेले आणि भीतीने गोठलेल्या त्या मुलाला पहिल्यांदा त्यांचा अभिमान वाटला. त्यानंतर ती दोघं कधीच भेटली नाहीत. 1982 मध्ये वडील नैरोबीत मोटार अपघातात गेले.

हुकमाने जे बिघडलं ते वर्गातल्या गप्पांनी जोडलं, हे त्या एका महिन्यात दिसतं. मूल मोठं होत असताना जो आजूबाजूला नव्हता, त्या माणसाच्या हाती अजून हुकूम चालवण्याची सत्ता आलेली नसते. आधी आपल्याबद्दल सांगावं. आपलं गाव, आपलं काम, आपण कुठे चुकलो ते. दहावीच्या मार्कांची चौकशी नंतर केली तरी चालते.

“आजोळच्यांनी कान भरलेत, नाहीतर पोर असं वागलं नसतं”

कान भरले जातात, नाही असं नाही. पण दर वेळी रागाचा उगम तिथे शोधणं म्हणजे मुलाचं स्वतःचं दुःख नाकारणं. अमेरिकन अभ्यासक पॉलीन बॉस यांनी 1970 च्या दशकापासून एका वेगळ्या प्रकारच्या दुःखावर काम केलं आहे. माणूस जिवंत असतो, पण आयुष्यात नसतो. त्याचं सुतक नाही, श्राद्ध नाही, कुणी भेटायला येत नाही. बापाच्या गैरहजेरीचं हे दुःख मूल कित्येक वर्षं वागवत आलेलं असतं. आई जाते तेव्हा ते दुसऱ्या दुःखावर येऊन आदळतं, आणि दोन्हींचा राग समोर दिसणाऱ्या एकमेव माणसावर निघतो. शिवाय बापाशी हसून बोललं तर आईशी बेइमानी होईल, ही भीती असते. ती मूल कुणाला बोलून दाखवत नाही.

बाप का गेला, याची हकिकतही सहसा एकाच बाजूने सांगितलेली असते. लेननच्याच बाबतीत, 1946 मध्ये ब्लॅकपूलला आईवडिलांनी पाच वर्षांच्या जॉनला “कुणाकडे राहायचं?” असं विचारलं आणि तो रडत आईमागे धावला, ही कहाणी वर्षानुवर्षं छापली गेली. मार्क लुइसन यांनी 2013 च्या चरित्रात त्या वेळी तिथे असलेल्या माणसाची साक्ष दिली आहे. तिच्यानुसार असा तमाशा घडलाच नव्हता, बोलणी शांतपणे झाली होती. आपल्या घरांतल्या कहाण्याही अशाच घट्ट बसलेल्या असतात. पंधरा वर्षांच्या मुलाला खरं सांगता येतं: तारखा, न्यायालयाचे कागद, पाठवलेले किंवा न पाठवलेले पैसे. गेलेल्या आईची निंदा मात्र त्यात एका शब्दानेही नको. मारहाण किंवा छळ झालेला असेल तर भेटीची घाई अजिबात करू नये, आधी समुपदेशक आणि वकील गाठावा.

बाकी घरांमध्ये भेटी आखाव्यात त्या मुलाच्या सोयीने आणि त्याच्या गतीने, त्याच्या ओळखीच्या जागी. शाळा, खोली, मित्र शक्यतो बदलू नयेत. आईचा वाढदिवस, तिचा वर्षाचा दिवस बापाने टाळू नये, त्या दिवशी मुलासोबत बसावं. आजी-मामाचं दार उघडंच राहू द्यावं. झोप उडाली, जेवण सुटलं, मुलगा जगण्यालाच कंटाळल्याचं बोलू लागला, तर थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्य मदतसेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतूनही मिळते. मुलांसाठीची मदतसेवा 1098. हे दोन्ही क्रमांक मोठ्यांनी स्वतःच्या फोनमध्ये ठेवावेत आणि मुलाच्याही.