बुचातून जाणारी काचनळी

उन्हाळ्यात लोणार सरोवराचं पाणी मागे हटलं की काठावर पांढऱ्या खाराचा थर उघडा पडतो. दल्ला, पापडी, खुप्पल, भुस्की ही त्याच्या प्रकारांची जुनी नावं. त्यात मुख्यतः सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट, जोडीला साधं मीठ. काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथल्या डोंगरांत मिळतं, अशी नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. पुढे १९१२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि क्रिस्टी यांनी लोणारवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हाही या सोड्याची स्वतंत्र दखल घेतली गेली.

हा खार कार्बोनेटच आहे, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत मुलांना दाखवायचं कसं? सरोवर अभयारण्यात आहे, तिथून काही उचलायचं नाही. पण किराणा दुकानातला धुण्याचा सोडा त्याच जातीचा आहे. चंबूत सोडा घ्यायचा, नरसाळ्यातून विरल हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचं आणि निघणारा वायू वाहक नळीने चुन्याच्या निवळीत न्यायचा. निवळी दुधाळ झाली की तो कार्बन डायऑक्साइड. पुस्तकातल्या आकृतीत सगळं सुरळीत होतं. टेबलावर मात्र अनेकदा चंबूत फसफस दिसते आणि निवळीत बुडबुडाही येत नाही. वायू नळीकडे न वळता बुचाच्या फटीतून निघून गेलेला असतो.

आकृतीत बूच म्हणजे चंबूच्या तोंडावर रेघोट्या मारलेला एक चौकोन. त्याला दोन भोकं, एकात नरसाळ्याची नळी, दुसऱ्यात वाहक नळी. सगळा प्रयोग त्या दोन भोकांवर उभा असतो. एनसीईआरटीच्या अकरावीच्या प्रयोगपुस्तिकेत काचनळी कापणं, ती वाकवणं, तिचं टोक ओढून बारीक करणं यांच्याच पंगतीला बुचाला भोक पाडणं हे कौशल्य ठेवलं आहे. तो मान अगदी रास्त आहे.

त्यासाठीचं हत्यार म्हणजे बोअरर. एका टोकाला धार आणि दुसऱ्या टोकाला मूठ असलेली पितळी नळी. वेगवेगळ्या मापांच्या अशा नळ्या एकात एक बसवलेल्या असतात आणि सोबत एक भरीव सळई असते. आधी बूच दाबयंत्रात फिरवून किंवा कागदात गुंडाळून पायाखाली लोळवून मऊ करायचं. कोरडं, ताठ बूच थेट टोचायला गेलं तर चिरतं. मग काचनळीपेक्षा किंचित बारीक बोअरर निवडायचा. ही ‘किंचित’ची जाण हातालाच येते. भोक नळीएवढंच झालं तर नळी डगडगते आणि फारच लहान झालं तर ती आत शिरताना मोडते. बुचाचं निमुळतं टोक वर धरायचं, खाली लाकडाची फळी ठेवायची आणि बोअरर सरळ उभा धरून हलक्या दाबाने फिरवत राहायचं. ढकलायचं नाही, धारेला कापू द्यायचं. बोथट विळीवर पिकलेला टोमॅटो चिरायला घेतला की तो कापला न जाता चेंगरतो, तसंच बोथट बोअररखाली बुचाचं होतं. भोकाची भिंत खडबडीत निघते आणि वायूला वाट मिळते. म्हणून बोअररला धार लावायचं वेगळं अवजारही असतं. भोक पडलं की आत अडकलेला गाभा सळईने बाहेर ढकलायचा आणि गोल कानशीने आतली बाजू हलकेच गुळगुळीत करायची. रबराचं बूच असेल तर बोअररला ग्लिसरीन लावायचं.

सगळ्यात जोखमीची पायरी यानंतर येते. नळीची कड आधी ज्योतीवर वितळवून गोल केलेली हवी. नळी पाण्याने किंवा ग्लिसरीनने ओली करायची, फडक्यात धरायची आणि धरायची तीही बुचाच्या अगदी जवळ. लांबून धरून जोर लावला की नळी मधेच मोडते आणि तुटकी काच थेट तळहातात घुसते. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जखमांपैकी ही एक आहे. म्हणून हे काम मुलांना शिक्षकांनी शेजारी उभं राहूनच शिकवावं.

बूच या कामाला इतकं योग्य का, याचं उत्तर त्याच्या रचनेत आहे. ही कॉर्क ओकची साल. हा वृक्ष भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातला आणि जगातलं जवळपास निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं. झाड सुमारे पंचवीस वर्षांचं झालं की पहिल्यांदा साल काढतात, पुढे दर नऊ वर्षांनी. चांगली बुचं निघायला तिसऱ्या काढणीपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे लावणाऱ्याच्या पदरात फळ पडेपर्यंत चाळीस वर्षं उलटतात! रॉबर्ट हूकने १६६५ साली याच सालीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्याला बंद कप्पे दिसले. एका घनइंचात ते १२० कोटींहून अधिक असावेत, असा त्याचा हिशेब होता. त्या हवाबंद कप्प्यांमुळे बूच दाबलं तरी बाजूंनी जवळजवळ फुगत नाही, कप्प्यांच्या भिंती दुमडून जागा करून देतात. रबर मात्र एकीकडून दाबलं की दुसरीकडून फुगतं. त्यामुळे बूच बाटलीच्या तोंडात सहज सरकतं आणि आत गेल्यावर भिंतीला घट्ट टेकून राहतं. सालीतून आरपार जाणारी तपकिरी छिद्रं मात्र पाहून घ्यावीत. ती उभी गेलेली असतील, तर कितीही सुबक भोक पाडलं तरी बूच गळणारच.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसायनज्ञ उपकरणांचे सांधे चिकणमाती, जवसाचं तेल अशा लेपांनी लिंपत असत. बुचाला भोक पाडायला तापलेली सळई किंवा गोल कानस वापरली जायची. सळईने भिंत जळून खरबरीत व्हायची, कानशीने वेळ जायचा. मायकेल फॅरडेने १८२७ मध्ये निव्वळ प्रयोगशाळेतल्या हस्तकौशल्यावर सहाशेहून जास्त पानांचं पुस्तक लिहिलं, यावरून ही कामं त्या काळी किती मोलाची मानली जात हे कळतं. धारदार नळी फिरवून स्वच्छ भोक पाडायच्या बोअररचं श्रेय जातं कार्ल फ्रीडरिख मोर याला.

हा मोर आपल्या मुलांना माहीत आहे, पण फक्त मिठापुरता. बारावीच्या प्रात्यक्षिकात पोटॅशियम परमँगनेटसमोर येतं ते ‘मोर्स सॉल्ट’ त्याच्याच नावाचं. जर्मनीतल्या कोब्लेंझ गावी १८०६ साली जन्मलेला हा औषधनिर्माता लहानपणी तब्येतीने नाजूक होता. बाहेर फार जाता येत नसे, म्हणून त्याचा वेळ वडिलांच्या घरच्या प्रयोगशाळेत जाई आणि तिथेच त्याचा हात तयार झाला. तळाशी टोक आणि त्यावर रबरी नळी दाबणारा चिमटा असलेली ब्युरेट त्याने रूढ केली. अनुमापनावरचं त्याचं १८५५ सालचं पुस्तक खुद्द रसायनज्ञ लीबिगने वाखाणलं. आणखी एक गोष्ट तर पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवी. उष्णतेच्या स्वरूपावरच्या १८३७ सालच्या लेखात मोरने लिहिलं, की गती, उष्णता, प्रकाश, वीज ही सारी एकाच शक्तीची रूपं असून ती एकमेकांत पालटू शकतात. मायर, जूल, हेल्महोल्ट्झ यांच्या कामाच्या काही वर्षं आधीची ही मांडणी. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा धडा शिकवताना ही तीन नावं येतात, मोरचं येत नाही. पुढे पैशाचं मोठं नुकसान झालं, तेव्हा सत्तावन्नाव्या वर्षी त्याने बॉन विद्यापीठात शिकवायला सुरुवात केली. १८७९ मध्ये तो वारला.

पुढे आधी रबराने आणि नंतर घासून बसवलेल्या काचेच्या सांध्यांनी बुचाची जागा घेतली. ते योग्यच झालं. तीव्र नायट्रिक आम्ल बूच खाऊन टाकतं, बेंझिनमध्ये रबर फुगतं, काचेच्या सांध्याला यातलं काही बाधत नाही. पण असे सांधे महाग असतात आणि एक फुटला की अख्खा संच अडतो. संगणकाच्या पडद्यावरची आभासी प्रयोगशाळा हा त्यावरचा उपाय नव्हे. तिथे वायू कधी गळतच नाही, आणि गळती शोधून ती बंद करणं हाच तर या प्रयोगातला शिकण्यासारखा भाग. वाहक नळीचं टोक पाण्यात बुडवून, नरसाळ्याची नळी बोटाने बंद करून चंबू दोन्ही तळहातांत धरावा. आतली हवा तापून नळीतून बुडबुडे आले, तर बूच पास. नाही आले, तर दुसरं बूच घ्यावं.

बुलढाणा जिल्ह्यात मोरचं काम आणखी एका ठिकाणी भेटतं. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी किती खारट हे पाहायचं, तर त्यातला क्लोराइड मोजावा लागतो. त्यासाठी पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकून ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडतात. आधी पांढरा साका येत राहतो. क्लोराइड संपला की पिवळं पाणी विटकरी होतं आणि तिथे ब्युरेट थांबवायची. ही ‘मोरची पद्धत’. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. हे प्रात्यक्षिक शिकवणाऱ्या शिक्षकांनी कपाटातला बोअररचा संच काढून, धार लावून ब्युरेटशेजारी ठेवावा आणि ही दोन्ही कामं एकाच माणसाची आहेत, हे मुलांना आवर्जून सांगावं.