मागच्या सीटचे हेल्मेट

नरडाण्यातील आमच्या इमारतीच्या जिन्याखाली रात्री सात मोटारसायकली उभ्या असतात. कोणी एमआयडीसीत कामाला आहे, कोणी शिरपूरला दुकानात, कोणी शेतीच्या औषधांची विक्री करत गावोगाव फिरतो. आम्ही शाळेत शिकवतो. चारचाकी एकाकडेही नाही. बाजार, दवाखाना, नातेवाइकांचे निकाह, रविवारची सैर, सगळे दुचाकीवरच. मागे एकदा आम्ही सहज मोजले. सात गाड्यांना मोबाइल अडकवायचे स्टँड पाच होते, नवे सीट कव्हर चार होते, हेल्मेट तीन होती. मागे बसणाऱ्यासाठी दुसरे हेल्मेट मात्र एकाही गाडीला नव्हते. आमच्याही नव्हते. हा लेख त्या न घेतलेल्या हेल्मेटबद्दल आहे.

गाडी घेताना शहाणपण

गाडी घेताना आम्ही पुष्कळ विचार केला होता. हप्त्यावर घेतली असती तर नवी मिळाली असती, पण व्याज घरात आणायचे नाही असे अब्बांच्या काळापासून ठरलेले. म्हणून शिक्षक मित्रांच्या भिशीत दोन वर्षे पैसे भरले आणि आमचा नंबर लागला तेव्हा रोख देऊन शंभर सीसीची जुनी गाडी घेतली. खान्देशात रोज तीस-चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला दिसण्यापेक्षा ॲव्हरेज महत्त्वाचे, हे साधे गणित.

जुनी गाडी घेताना कागद नीट तपासले. मालकाच्या नावाचे आरसी बुक, विमा, पीयूसी. गाडीवर आधीचे कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म ३५. गाडी नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. पुष्कळ लोक पैसे देऊन गाडी आणतात आणि नाव बदलायचे 'नंतर बघू' म्हणतात. उद्या अपघात झाला तर जुना मालक, नवा मालक आणि विमा कंपनी यांच्यात ओढाताण होते. आम्ही ते सगळे वेळेत केले आणि स्वतःला मोठे जागरूक ग्राहक समजू लागलो.

दोनशे रुपयांची बचत

गेल्या वर्षी रमजान ईदच्या खरेदीला निघालो तेव्हा बेगम म्हणाल्या, "माझ्यासाठीही एक हेल्मेट घ्या. महामार्गावर ट्रक जवळून गेला की जीव घाबरतो." आम्ही म्हणालो, "पुढच्या महिन्यात घेऊ." त्याच दिवशी गाडीला साडेसहाशे रुपयांचे सीट कव्हर आणि मोबाइल स्टँड बसवला. आमचे स्वतःचे हेल्मेट रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांत घेतलेले. पोलिसांनी अडवू नये, एवढाच त्याचा उपयोग आमच्या मनात होता.

ईदनंतर आठवड्याने शिरपूरहून परत येताना मुंबई-आग्रा महामार्ग सोडून गावच्या रस्त्याला वळलो. वेग पंचवीस-तीसचाच असेल. अचानक कुत्रे आडवे आले, ब्रेक दाबला, वाळूवरून चाक घसरले आणि दोघेही पडलो. आमचे कोपर सोलले. डोक्यावरचे हेल्मेट नुसते टेकले असेल, तरी त्याला मधोमध भेग गेली. बेगमच्या कानामागे सात टाके पडले. डॉक्टरांनी दोन दिवस उलट्या होतात का, झोप जास्त येते का, यावर लक्ष ठेवायला सांगितले. ते दोन दिवस आम्ही त्यांच्या उशाशी बसून होतो. अल्लाहची मेहरबानी, पुढे काही झाले नाही.

बेगमनी एका शब्दानेही टोमणा मारला नाही. धाकट्याने मात्र विचारले, "अब्बा, तुमच्या डोक्यावर होते, मग अम्मीच्या का नव्हते?" वर्गात चाळीस मुलांना उत्तरे देणारे आम्ही, त्या प्रश्नापुढे गप्प राहिलो.

नंतर आकडे पाहिले. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ लोक अपघातात मरण पावले. त्यांतील १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते, मागे बसलेले होते. आपल्या घरांत मागे बसणारे कोण असतात, हे सांगायला नको. अम्मी, बेगम, बहीण, मुले.

दुकानात काय पाहावे

मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चालवणारा आणि मागे बसणारा असा भेद करत नाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट हवे. चार वर्षांखालील मुलासाठीही आता नियम आहे: चालकाला बांधलेला सुरक्षा पट्टा, मुलाच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरच्या आत वेग.

१ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे बेकायदा आहे. चिन्हाबरोबर आयएस ४१५१ हा क्रमांक आणि 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा. चिन्ह नकलीही छापलेले असते, म्हणून तो क्रमांक मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघावा; दोन मिनिटांचे काम आहे. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. आदळल्यावर तो दबतो आणि धक्का स्वतःवर घेतो, डोके वाचते ते त्यामुळे. स्वस्त हेल्मेटमध्ये नुसते प्लॅस्टिक आणि पातळ स्पंज असतो. एकदा जोरात आदळलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी आतला थर दबलेला असतो, ते पुन्हा वापरू नये.

आणि पावती घ्यावीच. आम्ही तुटलेल्या हेल्मेटची तक्रार करायला निघालो तेव्हा हातात पावती नव्हती आणि विकणाराही त्या जागी नव्हता. पावती असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आयोगात फी लागत नाही.

बुरखा, ओढणी आणि चाक

आमच्या भगिनींच्या दोन अडचणी खऱ्या आहेत, त्या हसण्यावारी नेऊ नयेत.

पहिली, स्कार्फवर हेल्मेट बसत नाही. उपाय असा की दुकानात स्कार्फ बांधूनच माप बघावे. आत सुती पातळ टोपी घालावी, केसांचा अंबाडा वर न बांधता मानेजवळ खाली बांधावा आणि डोक्यावरच्या पिना काढाव्यात. पडल्यावर त्याच टोचतात. हनुवटीखालचा पट्टा लावल्यावर दोन बोटे जातील एवढीच जागा राहावी. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोहोचते.

दुसरी, बुरख्याचा घेर किंवा ओढणी चाकात अडकणे. याने गळ्याला फास बसून जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी, म्हणजे आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ती, तसेच धरायला हँडल आणि पाय ठेवायला फूटरेस्ट असलेच पाहिजे. गाडी 'स्टायलिश' दिसावी म्हणून पोरे ती जाळी पहिल्यांदा काढून टाकतात. आमच्या जुन्या गाडीचीही काढलेली होती. गॅरेजमध्ये ती बसवायला एका सीट कव्हरएवढाही खर्च आला नाही.

तिसरी गोष्ट आमच्याच चुकीची. आम्ही चौघे एका गाडीवर जायचो. कायद्याने चालकामागे एकच जण बसू शकतो. आता लांब जायचे असेल तर बेगम आणि थोरली एसटीने येतात. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे हिशेबातही फारसा फरक पडत नाही.

थाळनेरची सैर

आम्हाला एकच छंद आहे, जुन्या जागा बघण्याचा. टाके निघून जखम भरली, नवी हेल्मेट आली आणि एका रविवारी आम्ही दोघे सावळद्याच्या पुलावरून तापी ओलांडून थाळनेरला गेलो. फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजाला थाळनेरची जहागीर दिली आणि त्याच्यापासून खान्देशचे फारुकी घराणे सुरू झाले. बुऱ्हाणपूर नंतरचे, आधी थाळनेर. १३९९ मध्ये मलिक राजा वारला, त्याची कबर इथेच आहे. फारुकींच्या या कबरींत एक अष्टकोनी आहे, तिच्यावरचे कोरीव काम बघत बेगम बराच वेळ उभ्या होत्या.

परत निघताना त्यांनी आधी स्वतःचा पट्टा लावला, मग आमचा लागला का ते बघितले. दोन हेल्मेटना मिळून एकोणीसशे रुपये लागले होते. सीट कव्हर आता फाटले आहे, ते बदलायची घाई नाही.

वाचक बंधूंनो, आज रात्री तुमच्या इमारतीच्या जिन्याखाली एकदा मोजून बघा. गाडी एक असेल तर हेल्मेट दोन आहेत का?