जामखेडच्या बाया पदवीधरांना काय शिकवितात?

घरातली मुलगी एम.एस्सी. झाली किंवा मुलगा एम.टेक.ला लागला की आईबापाच्या कष्टाचे चीज होते. पण याच मुलांना ‘तुम्ही नवीन काय शोधून काढणार?’ असे विचारा. पुष्कळजण मान खाली घालतात. शोध लावणे हे परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळांचे काम, आपण वस्तीतली माणसे, आपण नोकरी धरावी, अशी समजूत मनात पक्की बसलेली असते. ही समजूत खोडून काढणारी एक शाळा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला आहे. तेथे देशोदेशीचे पदवीधर शिकायला येतात आणि त्यांना शिकविणाऱ्यांत खेड्यातल्या बायाही असतात. त्यांतल्या कित्येकींनी शाळेचे तोंडही पाहिलेले नव्हते.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० साली जामखेडला आले. प्रकल्पाच्या नोंदीप्रमाणे त्या वेळी या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. डॉक्टरांनी आधी शिकलेल्या नर्सबाई गावोगावी पाठविल्या. त्या गावात टिकेनात. तेव्हा गावातलीच एखादी बाई घ्या आणि तिला शिकवा, असे गावकऱ्यांनी सुचविले. डॉक्टरांनी ते मानले. अशा रीतीने ग्रामआरोग्य सेविका उभ्या राहिल्या. त्यांत दलित बायाही होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्या हातावर गावातल्या बाळंतिणी सुखरूप सुटू लागल्या. १९७६ पर्यंत हजारी १७६ चा आकडा ५२ वर आला.

शोध कोणाचा, उपयोग कोणाचा?

विद्यार्थ्यांना येथे पहिली गोष्ट समजते ती ही, की शोध लागणे वेगळे आणि तो माणसाच्या उपयोगी पडणे वेगळे. मीठ-साखरेच्या पाण्याचेच उदाहरण घ्या. साखर सोबत असली की आतडे मीठ आणि पाणी शोषून घेते, हे शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत सिद्ध केले होते. पण १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते पाणी पिंपांत भरून रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. शंभरात तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारपेक्षा कमी झाले. औषध तेच होते, परंतु ते देणारा हात बदलला होता.

खेड्यात तेव्हा मुलाला जुलाब लागले की त्याचे पाणी बंद करीत. शेजारच्याच बाईने ‘पाणी बंद करू नका, पाजा’ असे सांगितले, तर आई ऐकते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढेच ते औषध. मात्र ते घराघरात पोहोचविण्याची युक्ती कोणत्याही पुस्तकात नव्हती, ती या बायांनी शोधली.

विहीर कोठे खणावी?

दुसरा धडा पाण्याचाच. दुष्काळाच्या दिवसांत गावोगावी बोअर पाडायचे होते. डॉक्टरांनी पाणी पाहणाऱ्या तज्ज्ञाला जागा दलित वस्तीत शोधायला सांगितली. पाणी लागले, हातपंप बसला आणि सारा गाव हंडे घेऊन वस्तीत येऊ लागला. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना पाण्यापर्यंत नेले होते, येथे पाण्यालाच वस्तीत आणले. बोअरचे यंत्र जुनेच होते. जागा निवडण्यात बुद्धी होती.

१९८८ साली येथील आरोग्य सेविका मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलल्या. सभागृहात झुंबरे लटकत होती. मोठे डॉक्टर या झुंबरासारखे, सुंदर पण महागडे आणि हाताला न लागणारे. आम्ही साध्या दिव्यासारख्या, पण एका दिव्यावर दुसरा लावता येतो, अशा अर्थाचे त्या बोलल्या. सर्जनशीलतेवर यापेक्षा चांगले व्याख्यान कोणते?

श्रेय आणि मोबदला

पण एक गोष्ट विद्यार्थ्यांनी विसरू नये. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावची बाई आरोग्यासाठी उभी करण्याची ही कल्पना ‘आशा’च्या रूपाने देशभर गेली. मात्र आशाताईंना स्वयंसेविका म्हणून कामागणिक मोबदला ठरला. कायम नोकरी, पगार नाही. वाढीव मानधनासाठी महाराष्ट्रात त्यांना पुनःपुन्हा संपावर जावे लागले. कल्पना ज्यांच्या कष्टावर चालते, त्यांना तिचे फळ मिळते का, हा प्रश्नही अभ्यासक्रमात असला पाहिजे.

म्हणून प्रबंधाचा विषय निवडताना आपल्या मुलामुलींनी नुसते ग्रंथालय धुंडाळू नये. आजीला, आशाताईला, गटार साफ करणाऱ्या काकांना विचारावे, ‘तुमच्या कामात सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?’ केरळातल्या तरुण इंजिनिअरांनी मॅनहोलमध्ये गुदमरून मरणाऱ्या माणसांचा प्रश्न हाती घेतला आणि २०१८ साली ‘बँडिकूट’ नावाचे सफाईयंत्र पुढे आणले. ते चालवायला त्यांनी सफाई कामगारांनाच शिकविले. आपल्या वस्तीत असे प्रश्न दारोदार पडले आहेत. ते लहानपणापासून पाहिले, ही आपल्या मुलांची कमतरता नव्हे. त्यांच्याजवळचे ते भांडवल आहे.